यादीत नसलेला सण

शारजा,
शुक्रवार, २ ऑक्टोबर २००९

ती. लतिकाताई,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आज सकाळी शुभ्रा तुमच्याशी बोलत होती आणि मधेच फोन बंद झाला. ती म्हणते, "आत्यानं कट केला." मी म्हटलं, लाइन गेली असेल. पण काय झालं असेल ते मला कळलं, म्हणून लगेच लिहायला बसले. माझा फोन तुम्ही घेत नाही, पत्र तरी फोडाल.

आधी कामाचं. तो कागद तिसऱ्यांदा सोबत पाठवते आहे. शुभ्राचा व्हिसा ह्यांच्या नावावर होता. तो आता माझ्या नावावर घ्यायचा तर वडिलांच्या घरच्यांची हरकत नाही असं लेखी हवं, असं आमचे अलीमियाँ सांगतात. मी ज्यांच्या टायपिंग सेंटरात काम करते ते हे. दिवसभर असलेच कागद करतात, त्यामुळे त्यांचं चुकत नाही. सासूबाई-मामंजी नाहीत. ह्यांच्या घरचं म्हणून तुम्ही एकट्याच. वकिलासमोर तुमची सही पाहिजे. तीस नोव्हेंबरच्या आत कागद आला नाही तर शुभ्राला इथून जावं लागेल, आणि माझी नोकरी इथं. मग ती कऱ्हाडला तुमच्याकडे येईल. तुम्ही शाळेत तिचं नाव सांगून ठेवलंय, हेही तिनंच मला सांगितलं. राग नाही. पण सही करा.

ह्यांना शेवटचं घरी का आणलं नाही, असं तुम्ही जुलैच्या पत्रात पुन्हा विचारलंत. कागद होत नव्हते, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. त्यावर आता लिहीत नाही.

आता फोनचं. शुभ्रा म्हणाली ना, "आम्ही भुतांचा सण करणार"? त्याची गोष्ट अशी.

तिसऱ्या मजल्यावरचं एक कुटुंब गेल्या आठवड्यात गावी गेलं, कायमचं. हल्ली असंच चाललंय. अलीमियाँ म्हणतात, गेल्या वर्षी दुकानासमोर नव्या व्हिसांच्या रांगा होत्या. आता मी दिवसभर रद्द करायचेच कागद टाइप करते. जाणारे लोक टीव्ही विकतात, भांडी वाटून टाकतात, पण पुस्तकं कुणाला नको असतात. ती खोक्यात भरून लिफ्टजवळ ठेवतात. मी दहावी नापास, तुम्हाला माहीतच आहे. ह्या वर्षात त्या खोक्यांनी मला वाचायला लावलं. मराठी मिळेल ते. इंग्रजी ओळीखाली बोट धरून, शेजारी डिक्शनरी ठेवून.

परवाच्या खोक्यात लहान मुलांचं एक चित्रांचं पुस्तक निघालं. थंड देशातला शरद ऋतू, लाल पानं, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी मुलं भुतं होऊन दारोदार गोळ्या मागत फिरतात. भोपळा कोरून त्यात दिवा ठेवतात. शुभ्रानं ते सात वेळा वाचलं आणि मला म्हणाली, "आई, आपण करू या."

मी म्हटलं, "बाळा, बाबांना वर्ष झालेलं नाही. ह्या वर्षी सण करायचे नसतात. आत्यानं सांगितलंय ना?"

ती उठली आणि फ्रिजवरचा कागद काढून घेऊन आली. तुम्ही गणपतीच्या वेळी फोनवर तिला सांगितलं होतं, कुठले सण नाहीत ते. तिनं ते लिहून फ्रिजवर लावलंय. नो गणपती, नो दसरा, नो दिवाळी, नो संक्रांत. त्यावर बोट फिरवत म्हणाली, "व्हेअर इज हॅलोविन? आत्याच्या लिस्टवर नाहीये. इट्स नॉट अवर सण. सो वी कॅन!"

ह्यावर काय उत्तर द्यायचं? तुम्ही पस्तीस वर्षं शिकवलंत, तुम्हाला मिळालं तर कळवा. खरं सांगायचं तर मला हसू आलं. पोटातून आलं. दहा महिन्यांत मी विसरले होते की ते तिथून येतं.

आपली,
साधना


शुक्रवार, ९ ऑक्टोबर

ती. लतिकाताई,

आज फोन कट झाला नाही! उलट तुम्ही तिला म्हणालात म्हणे, "भुतंच व्हायचं तर आपली व्हा, इंग्रजांची कशाला?" फोन ठेवून ती स्वयंपाकघरात नाचत आली. "आत्या सेड येस!"

"येस म्हटलेलं नाही तिनं."

"शी सेड आपली व्हा. दॅट्स येस, आई!"

मग आम्ही जेवण बाजूला ठेवून यादी काढली. हडळ, मुंजा, खवीस, गिऱ्हा, ब्रह्मराक्षस, आग्या वेताळ. तिच्या पुस्तकात सगळी मिळून चार भुतं, तीही एकमेकांसारखीच. आपल्याकडे एकेकाचा स्वभाव वेगळा, राहायची जागा वेगळी. मुंजाची सोडमुंज झालेली नसते, हे सांगितलं तर तिनं विचारलं, "मग त्याची मम्मी करून का नाही टाकत?" ह्याचंही उत्तर तुम्हीच द्या.

शेजारच्या मरियमबी आल्या. त्या रत्नागिरीकडच्या, साठीच्या. हे गेले त्या दिवशी शुभ्रा त्यांच्याकडेच होती. त्यांची नात अफशा शुभ्राच्याच वर्गात आहे. दारातूनच म्हणाल्या, "काय गो साधना, भुतां मोजतेस? आमचा जिन पन घाल त्यात. त्याला कशाला सोडतेस?"

मी घाबरत विचारलं, बिल्डिंगमधल्या लोकांना चालेल का, मुलं अशी दारं वाजवत फिरलेली? तर म्हणाल्या, "अगो, शाबान महिन्याच्या मध्याला इकडची अरबी पोरां पिशव्या गळ्यात घालून घरोघर नाय फिरत? बदाम, पिस्ते, गोळ्या मागत? तशीच ही. मी सांगते सगळ्यांना. पाच मजले, किती ती घरं!" आणि चपला घालून लगेच निघाल्यासुद्धा. पहिल्या मजल्यावरून त्यांचा आवाज वर येत होता.

शुभ्रा आग्या वेताळ होणार. अफशाला हडळ व्हायचंय, कारण तिचे केस लांब आहेत.

शरद ऋतूचं मात्र अवघड होतं. शाळेत लाल-पिवळी पानं चिकटवून न्यायची होती. ती मला विचारते, "आई, आपल्याकडे ऑटम कधी येतो?" मी एसी बंद केला आणि खिडकी उघडली. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. बाहेरचा वारा आत आला, खालच्या चहावाल्याचा आवाज आला, कुणाच्या तरी घरातली फोडणी आली. मी म्हटलं, "हा बघ, आला." मग आम्ही संध्याकाळी बागेत गेलो. आपल्या कोकणातल्यासारखी बदामाची झाडं तिथं लावलीत. एकेका झाडाला एखादंच पान लाल झालेलं. दोन तासांत सहा मिळाली. सहावं एका बाकावर बसलेल्या पठाणाच्या पायाखाली होतं. शुभ्रा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "अंकल, आपका पैर मेरे ऑटम पे है." त्यानं पाय उचलला, पान पुसलं आणि दोन्ही हातांनी तिला दिलं.

हे असते तर तिच्याबरोबर झाडावर चढले असते. मी खाली उभी राहून ओरडले असते.

कागदाचं बघा.

साधना


मंगळवार, २० ऑक्टोबर

ती. लतिकाताई,

दिवाळी झाली. कंदील लावला नाही, कढई चढवली नाही. तुम्ही सांगितलंत तसं सगळं पाळलं. वर्षाच्या आत आपण करायचं नसतं, दुसऱ्यांनी फराळ आणून द्यायचा, हे मी मरियमबींना कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. पाडव्याच्या सकाळी त्या दारात उभ्या. हातात ताट, त्यावर रुमाल. "चकली मोडली गो थोडी. पहिल्यांदाच केली." त्यांनी माझ्याकडूनच एप्रिलमध्ये भाजणीचं प्रमाण लिहून नेलं होतं, ते ह्यासाठी, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मी रडले. शुभ्रानं चकली खाऊन निकाल दिला, "दादी, इट्स लाइक पापड, बट गुड."

आता मोठी बातमी. भोपळा आणला!

मोठ्या दुकानात परदेशी नारिंगी भोपळे आलेत, गोल गरगरीत, चित्रातल्यासारखे. साठ दिरहम. शुभ्राला म्हटलं, "म्हणजे साडेसातशे रुपये. भोपळ्याला!" तिनंच त्याला हात जोडले आणि म्हणाली, "यल्ला, आई, रोल्लाला जाऊ." तिथल्या बाजारात आपल्यासारखाच मिळाला, हिरवट राखाडी, खोल रेघांचा, अकरा दिरहमला. भाजीवाला म्हणाला, "बेबी, ये तो सब्जी का है." ती म्हणाली, "अभी नहीं है. अभी ये भूत का सिर है." टॅक्सीत मांडीवर घेऊन बसली. उतरताना ड्रायव्हरनं दोघांना सलाम केला, तिला आणि भोपळ्याला.

घरी आणून ओट्यावर ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं.

अख्खा भोपळा बाईनं चिरायचा नाही. माझ्या आईकडे तसं, सासूबाईंकडेही तसंच. पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग आपण फोडी करायच्या. भोपळा म्हणजे घरचा मुलगा, त्याला आईनं सुरी लावायची नाही, असं आई सांगायची. हे घाव घालायचे आणि म्हणायचे, "घे, बळी दिला. आता भाजी कर." गेल्या डिसेंबरपासून मी चिरलेली फोडच आणते. दुकानात अख्ख्या भोपळ्यांकडे बघतसुद्धा नाही.

तुम्ही म्हणाल, एवढी पुस्तकं वाचते आणि हे काय. मीही स्वतःला तेच म्हटलं. सुरी हातात घेतली, टेकवली, परत ठेवली. माझ्याकडे आता एकच आहे, ताई, आणि तीही तीस नोव्हेंबरपर्यंतच का, ते मला माहीत नाही.

शुभ्रा बघत होती. "व्हॉट हॅपन्ड?"

"तय्यबकाका आला की तो कापेल."

तय्यब मरियमबींचा मुलगा, अफशाचा बाबा. अबुधाबीला असतो, गुरुवारी संध्याकाळी घरी येतो. ह्यांच्या अस्थी मुंबईपर्यंत त्यानंच आणल्या होत्या, विमानतळावर तुमच्या हातात दिल्या, तोच. एकोणतीस तारखेला येईल. तोपर्यंत भोपळा टीव्हीवर बसलाय. शुभ्रा त्याला गुड नाइट म्हणते.

साधना


शुक्रवार, ३० ऑक्टोबर

ती. लतिकाताई,

उद्या! ताई, उद्या आहे आणि आमच्या घरात पाय ठेवायला जागा नाही. सगळीकडे लाल-नारिंगी जिलेटिनचे तुकडे. आग्या वेताळाच्या डोक्यावरच्या ज्वाळा मी पुठ्ठ्यावर शिवल्यात. आत हेल्मेटसारखी पट्टी, तिला छोटी बॅटरी. दिवा लावला की सगळं डोकं पेटतं. काल रात्रीपासून शुभ्रा ते काढायलाच तयार नाही. दात घासताना आरशात बघून स्वतःच किंचाळली.

तय्यब आला नाही. काल संध्याकाळी त्याचा फोन. "भाभी, सॉरी. इथं इन्स्पेक्शन लावलंय. रोज दोन-चार जणांना घरी पाठवतायत. आत्ता सुट्टी मागायची हिंमत नाय माझी." मी म्हटलं, काही हरकत नाही. फोन ठेवला आणि भोपळ्याकडे बघितलं.

मग आज सकाळी तुमचा फोन आला. शुभ्रानं तुम्हाला ते विचारलं, मी सांगितलेलं नव्हतं. मी कपडे वाळत घालत होते, मला तिचंच बोलणं ऐकू येत होतं.

"आत्या, आजोबा गेल्यावर तुमच्याकडे भोपळा कोण कापायचं?... बाबा? बट ही वॉज अ किड!... सहा वर्षांचा?... आणि तू हात धरायचीस? वरून?... मग तूच कापलास ना, आत्या! दॅट्स चीटिंग!"

आणि मग तुमचं हसणं. मी फोनपासून चार हातांवर होते, तरी ऐकलं. तुम्ही अशा हसता हे मला लग्नाच्या बारा वर्षांत माहीत नव्हतं. हे तसेच हसायचे, आधी आवाज नाही, मग एकदम.

फोन ठेवून ती माझ्यापुढे सुरी घेऊन उभी. "आई, मी आठ वर्षांची आहे. होल्ड माय हँड."

"अगं, पण मुलगा लागतो."

"आत्याला नाही लागला. नॉट रियली."

मी तिच्या हातावर हात ठेवला. दोघींनी दाबलं. आधी जाईचना. शुभ्रा म्हणाली, "वन, टू, खलास!" आणि सुरी कचकन आत गेली. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ती बियांमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसली होती, "ईऽऽ, सो गुड!" तिला काही झालं नव्हतं. आम्ही त्याला तिरके डोळे केले, वर मिशी केली. मिशी पुस्तकात नाही. खवीसाला असते, असं तिचं म्हणणं.

गराचे घारगे केले. आमच्या कढईत तळायचं नाही, म्हणून मरियमबींच्या कढईत तळले. त्या म्हणाल्या, "तुझा कायदा मोठा सोयीचा हाय गो."

आणि ताई, तुमचं पत्र काल आलं. सही करणार लिहिलंत! नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वकिलांकडे जाते म्हणालात. मी दुकानात उभ्या उभ्याच वाचलं. अलीमियाँनी विचारलं, "क्या हुआ बाई, लॉटरी?" मी म्हटलं, हो. घरी येऊन शुभ्राला उचलून गरगर फिरवलं. जड झालीय. दोनच चकरा झाल्या.

पत्रात तुम्ही आणखीही लिहिलंय. त्याबद्दल सावकाश लिहीन.

साधना


रविवार, १ नोव्हेंबर

ती. लतिकाताई,

परवाचं पत्र टाकलं नाही. दोन्ही एकाच पाकिटात येतील. ते आधी वाचा.

आधी कालचं सांगते, कारण ते सांगितल्यावाचून माझ्याच्यानं राहवत नाही. सोळा मुलं जमली, ताई! आम्हाला वाटलं होतं पाच-सहा. बिल्डिंगमधले मल्याळी, पाकिस्तानी, बांगलादेशी, सगळे. दोघं सुपरमॅन, चार परी, एकाला त्याच्या आईनं नुसताच टॉवेल गुंडाळून पाठवलेला. तो म्हणे ममी. पुढे आग्या वेताळ. मरियमबी शेवटी, हातात तसबीहची माळ आणि डोळ्यांत चमक, पोरं मोजत. खवीस आमच्या दारात मिश्यांतून उजेड पाडत बसलेला.

दुसऱ्या मजल्यावर एका लाहोरी गृहस्थांनी दार उघडलं. "बेटी, तुम क्या बनी हो?"

"अंकल, मैं आग्या वेताळ हूँ. मेरे सिर से आग निकलती है."

"या अल्लाह! तो अंदर आओ, हमारा गीज़र दो दिन से बंद है."

सगळे इतके हसले की समोरचं दार न वाजवताच उघडलं. लोकांनी बदाम दिले, खजूर दिले, एका घरातून गरम सामोसे. चौथ्या मजल्यावर एक माणूस एकटाच राहतो. नोकरी गेलीय, बायको-मुलं आधीच गावी पाठवलीत. त्याचे कागद मीच केले. त्याच्याकडे काही नव्हतं. मुलं दारात उभी. तो आत गेला आणि एक टेबललॅम्प घेऊन आला. "ले जाओ, मैं तो मंगल को जा रहा हूँ." शुभ्रानं सगळ्यांच्या वतीनं घेतला आणि स्वतःच्या पिशवीतले दोन खजूर त्याच्या हातावर ठेवले. मी जिन्यात उभी राहून टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा तोंडाला काजळ फासलं होतं. मी हडळ झाले होते, ताई. फार मजा आली.

घरी येऊन तिनं ज्वाळा काढल्या, मिठाई सतरंजीवर ओतली आणि म्हणाली, "आत्याचा शेअर." एक ढीग वेगळा केला. प्रत्येक प्रकारातला एक. मग विचारलं, "आत्या आता आपल्यावर रागावलेली नाही ना?"

मी म्हटलं, "नाही."

तेव्हा मला तुमचं पत्र आठवलं. ते मी परवा दोनदा वाचलं होतं आणि त्यातल्या अर्ध्याबद्दलच तुम्हाला लिहिलं होतं.

तुम्ही लिहिलंत, "तुझे कागद होत नव्हते, पंधरा दिवस लागले असते, देह राहिला नसता. तुझा नाइलाज होता हे मला आता पटलं. मी उगाच वर्षभर तुला दोष दिला. ह्यापुढे मनात ठेवणार नाही. सही करते."

ताई, कागद झाले होते.

चौथ्या दिवशी दुपारी अलीमियाँनी सगळे कागद शिक्के मारून आणून दिले. तेव्हा मी त्यांच्याकडे कामालाही नव्हते, तय्यबच्या ओळखीनं त्यांनी केलं. विमानात जागाही मिळाली होती, दुसऱ्या दिवशी पहाटेची. मी म्हटलं, नको, इथंच करू. अलीमियाँनी मला तीनदा विचारलं, "बाई, घरचे वाट बघत असतील." मी तीनदा नको म्हटलं. आणि तुम्हाला फोनवर सांगितलं की कागद होत नाहीत.

आदल्या रात्री तुम्ही म्हणाला होतात, "त्याला घेऊन ये, आणि आता तुम्ही दोघी इथंच राहा. शुभ्राचं सगळं मी बघेन, तुला काय कळणार आहे?" तुम्ही रडत होतात. मायेनंच म्हणालात. मला मात्र एवढंच कळलं की ह्यांच्याबरोबर मी तिकडं गेले तर परत येऊ शकणार नाही. बारा वर्षं मी ह्या गावात आहे. इथं मला माझं माझं जाता येतं, काम मागता येतं. तिकडे मी तुमच्या घरातली हेमूची बायको, दहावी नापास. शुभ्रा तुमची झाली असती. म्हणून मी तुम्हाला तुमच्या भावाचं तोंड बघू दिलं नाही. ज्याला तुम्ही हात धरून वाढवलंत, त्याचं.

दुःखात होते, कळलं नाही, असं लिहिणार होते. तसं नव्हतं. मला पूर्ण कळत होतं.

हे पत्र दुसऱ्या आठवड्यानंतर टाकलं असतं तर चाललं असतं. तोवर सही झाली असती. काल रात्रीपर्यंत मी तसंच ठरवलं होतं. पण खोट्यावर तुम्ही मला माफ करून सही करणार, आणि शुभ्रा त्या सहीवर माझ्याजवळ राहणार. दर शुक्रवारी तुमचा फोन येणार आणि मी चार हातांवर उभी राहून तुमचं हसणं ऐकणार. ते मला जमणार नाही.

उद्या सकाळी रजिस्टर करते. तुमचा शेअर वेगळ्या पुड्यात आहे. तो शुभ्राचा आहे. माझ्यावर राग आला तरी तो ठेवून घ्या.

साधना


मंगळवार, २४ नोव्हेंबर

ती. लतिकाताई,

सहा तारखेला तुमचा फोन आला, पत्र पोचलं नव्हतं. तेराला आला नाही. शुभ्रा सकाळी अकरा वाजल्यापासून फोनजवळ बसली होती. दुपारी एक वाजता म्हणाली, "मे बी आत्या इज स्लीपिंग." वीसलाही आला नाही. त्या दिवशी ती जेवली नाही आणि तिची शाळेची वही काढून त्यात रेघा मारत बसली. मी बॅग खाली काढून ठेवली होती. अलीमियाँना तिकिटाचं विचारलंही होतं, एक मोठं, एक लहान, आणि परतीचं एकच.

काल दुपारी कुरिअर आलं.

कागद मी स्वतः न वाचता अलीमियाँपुढे धरला; त्यांनी चष्मा लावला, शिक्का बघितला, सही बघितली. म्हणाले, "बाई, बिलकुल बराबर है. मुबारक." मी विचारलं, "तारीख?" त्यांना कळेना मी तारीख का विचारते. "सोलह नवंबर."

म्हणजे माझं पत्र वाचल्यावर.

सोबत तुमच्या तीन ओळी. "सही शुभ्रासाठी केली आहे. तुझ्याशी बोलायला मला वेळ लागेल. किती, ते माहीत नाही." घ्या वेळ, ताई. मी घाई करणार नाही आणि पत्रांतून विनवणारही नाही.

पण एक सांगते. मार्गशीर्षात वर्षश्राद्ध आहे. तिच्या पासपोर्टवर शिक्का बसला की आम्ही दोघी येऊ. आता मला तिकडं यायची भीती वाटत नाही, कारण परत येता येईल, आणि ते तुमच्याच सहीमुळे. तुम्ही मला दारातच उभं ठेवलंत तर मी दारात उभी राहीन. शुभ्राला मात्र आत घ्या. तुम्हाला त्या चार दिवसांबद्दल काय विचारायचं ते विचारा, सगळं सांगेन. हे कसे दिसत होते, ते पण सांगेन. ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

आज अलीमियाँनी अर्ज आत दिला. त्यांनी पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. मरियमबींनी जिन्यातून खालपर्यंत सगळ्यांना सांगितलं. मी दुकानातून घरी पळत आले, अक्षरशः पळत, चप्पल हातात घेऊन. तुम्हाला दुखवून मला हे मिळालंय, हे मी विसरत नाही. पण मी आनंदात आहे, ताई. आता तुमच्यापासून काहीच लपवायचं नाही, तर हे तरी का लपवू?

व्हिसासाठी काढलेल्या फोटोंतला एक सोबत पाठवते. फोटोवाल्यानं तिला पाच वेळा बजावलं होतं, बेटी, हँसना मना है, हसलेला फोटो चालत नाही. चार फोटो फुकट गेले. पाचव्यात तिनं ओठ घट्ट मिटले, गाल मात्र काही ऐकेनात. हाच पास झाला. बघा.

साधना